ऑस्कर मासा माणसाला ओळखतो का, आणि त्याला शिकवायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

अश्विनी_इंदूर

नमस्कार. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका जुन्या गल्लीत आमचे घर आहे आणि बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीचा टँक आहे. त्यात एकच ऑस्कर मासा आहे. आणला तेव्हा तो बोटभर होता, आता माझ्या तळहाताहून मोठा झाला आहे. याशिवाय मुलीच्या खोलीत वेगळ्या टँकमध्ये दोन गोल्डफिश आहेत.

ऑस्करच्या वागण्याविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. मी खोलीत आले की तो ओंडक्यामागून बाहेर येतो, पुढच्या काचेशी थांबून सगळे अंग डावीकडे-उजवीकडे हलवतो आणि मी टँकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले की काचेच्या आतून माझ्या बरोबरीने पोहत येतो. त्या वेळी त्याचा एक डोळा माझ्याकडे वळलेला असतो. जवळ बसून पाहिले तर बुबुळ फिरताना स्पष्ट दिसते. माझे यजमान किंवा सासरे आले, तर मात्र तो ओंडक्याजवळच राहतो. सासऱ्यांचे म्हणणे असे की, दाणे मी घालते म्हणून तो माझ्यापुढे येतो, त्याला ओळख म्हणता येणार नाही, आणि माशाच्या लक्षात तर काही सेकंदांपलीकडचे काहीच राहत नाही. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, परंतु त्यांना सांगता येईल असा आधारही माझ्यापाशी नाही.

दुसरे असे की, मला त्याला काही शिकवायचे आहे. हातातून दाणा घेणे, काठीच्या मागे येणे, कड्यातून जाणे, असे व्हिडिओ मी पाहिले आहेत. काही जण माशाला पाठीवरून कुरवाळतात, काही तर त्याला हातात घेऊन पाण्याबाहेर काढतात. यातले योग्य काय आणि अयोग्य काय, हे मला ठरवता येत नाही.

तिसरी अडचण आमच्या भागाची आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका निघाल्या, ढोल आणि ध्वनिक्षेपक पहाटेपर्यंत चालू होते, आणि त्यानंतर बरेच दिवस तो काळपट पडून कोपऱ्यात बसून राहिला. आता तो पूर्ववत झाला आहे, पण दिवाळी आणि पुढे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक आहेच. शिकवायला सुरुवात केली आणि मध्ये असा धक्का बसला, तर सगळे पुसले जाईल का?

सुदामानगरचे_काका

अश्विनीताई, मी इंदूरमध्येच बरीच वर्षे ऑस्कर आणि गोल्डफिश पाळत आलो आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पहिल्या प्रश्नावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारी माणसे इथे आहेत.

तुमचे निम्मे काम आधीच झालेले आहे. मासा तुम्हाला पाहून लपत नाही, उलट समोर येतो, आणि शिकवण्याची सगळी इमारत याच एका गोष्टीवर उभी राहते. ज्यांचा मासा अजून माणसाला घाबरतो, त्यांनी काही शिकवण्याच्या आधी टँकपाशी नुसते बसावे, वाचावे, चहा प्यावा आणि माशाकडे टक लावून पाहू नये. तुम्हाला याची गरज नाही.

पहिली पायरी म्हणजे खूण ठरवणे. कुत्र्याला शिकवताना टिकटिक वाजणारे एक छोटे यंत्र वापरतात, तशी खूण माशासाठीही लागते, पण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच बहुतांशी परत फिरत असल्यामुळे ते यंत्र इथे फारसे कामाचे नाही. लहान टॉर्च घ्यावी, तिच्यावर पातळ कागद लावून उजेड सौम्य करावा आणि एकदाच क्षणभर लावून विझवावी. लगेच, म्हणजे पुढचा श्वास घेण्याच्या आत, एक दाणा पाण्यात पडला पाहिजे. उजेड आधी आणि दाणा नंतर, हा क्रम कधीही उलटू देऊ नये. काही दिवसांत असे दिसेल की, उजेड लागताच दाणा पडण्याआधीच मासा वर वळतो. तो वळू लागला की खूण त्याला समजली असे धरावे. उजेड थेट डोळ्यांवर मारू नये. माशाला पापण्या नसतात. त्याला डोळे मिटता येत नाहीत.

त्यानंतर काठी. प्लास्टिकची बारीक काठी घेऊन तिच्या टोकाला लाल मणी पक्का बसवावा. ती पाण्यात अलगद सोडून माशापासून वीतभर अंतरावर स्थिर धरावी. ऑस्कर मुळात चौकस असतो, त्यामुळे थोड्या वेळाने तो मण्याकडे पाहण्यासाठी वळेल. त्या वळण्याच्याच क्षणी उजेड आणि दाणा द्यावा. पुढच्या खेपेला नुसत्या वळण्याला बक्षीस न देता थोडे पुढे येण्याला द्यावे, मग आणखी जवळ येण्याला, आणि शेवटी तोंडाने मण्याला स्पर्श करण्याला द्यावे. इथे बहुतेक लोकांची घाई होते. मासा येत नाही म्हणून ते काठीच त्याच्या तोंडाशी नेतात. काठी त्याच्याकडे गेली की ती त्याला पाठलाग वाटते, आणि तो काठीकडे आला तरच ती त्याला आपली वाटते. हा फरक ज्याने पाळला त्याचे पुढचे सगळे सोपे होते.

मासा मण्याला स्पर्श करू लागला की कडे फार अवघड नाही. त्याच्या अंगापेक्षा दुपटीने रुंद असे गुळगुळीत कडे टँकमध्ये उभे करावे आणि काही दिवस ते तसेच राहू द्यावे, म्हणजे त्याचे नवेपण जाईल. मग काठी कड्याच्या पलीकडे धरून त्याला बोलवावे. पहिल्यांदा तो अर्ध्यातून मागे फिरला, तर त्या अर्ध्यालाही दाणा द्यावा. कडे तारेचे किंवा धारदार कडेचे नसावे, कारण ऑस्करचे पर आणि डोळे दोन्ही सहज दुखावतात.

हातातून दाणा देणे मी सर्वांत शेवटी ठेवतो, कारण त्यात हात स्थिर ठेवण्याची परीक्षा माणसाची असते. ऑस्कर दाणा चावून घेत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट दाणा आत ओढून घेतो, आणि त्या ओढीचा हलका झटका बोटांना जाणवतो. ज्याने हे पहिल्यांदा अनुभवले तो दचकून हात मागे घेतो, आणि हात झटक्याने मागे गेला की मासाही बिचकतो. म्हणून आधी दाणा बोटांच्या टोकांत धरून पाण्याच्या पृष्ठभागाशी न्यावा आणि मासा जवळ येताच सोडून द्यावा. तो झटका तुमच्या अंगवळणी पडला की मग धरून ठेवावा. हात साबणाने धुतलेला असेल तर तो साध्या पाण्याने पुन्हा नीट धुवावा. साबण, अत्तर, क्रीम यांचा अंशही पाण्यात जाता कामा नये.

एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नये आणि दिवसाचे मुख्य जेवण देण्याच्या अगोदर शिकवावे. शिकवताना दिलेले दाणे दिवसाच्या एकूण खाण्यातून वजा करावेत. हे वजा करणे विसरल्यामुळे फार मासे बिघडतात.

प्राणिशास्त्र_ग्वाल्हेर

अश्विनीताई, मी ग्वाल्हेरला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्या सासऱ्यांशी आदरपूर्वक मतभेद नोंदवण्यापुरता आधार देते.

माशाची स्मृती काही सेकंदांची असते, ही समजूत सर्वत्र पसरली असली तरी तिला प्रयोगांचा आधार नाही. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९२३ साली एका अंध मार्जारमीनाविषयी लेख प्रसिद्ध केला. मार्जारमीन म्हणजे मिशा असलेला, आपल्याकडच्या शिंगाडा माशाच्या गटातला मासा. शिट्टी वाजवून लगेच खाद्य द्यायचे, असे काही दिवस केल्यावर तो मासा नुसत्या शिट्टीला आपल्या लपायच्या नळीतून बाहेर येऊ लागला. मासे बहिरे असतात असे त्या काळी मानणारे अनेक होते, त्यांना हे उत्तर होते. याच फॉन फ्रिशना पुढे मधमाश्यांच्या संशोधनासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दीर्घ स्मृतीचे उदाहरण हवे असेल तर ऑस्ट्रेलियातील इंद्रधनुषी माशांचे देता येईल. जाळ्यातल्या एका भोकातून सुटण्याची वाट त्यांना शिकवली गेली आणि सुमारे अकरा महिन्यांनी तेच जाळे पुन्हा आणले तेव्हा त्यांना ती वाट आठवत होती. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले.

आता ओळखीविषयी. तिरंदाज मासा पाण्याची चूळ मारून फांदीवरचा किडा खाली पाडतो. ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँड विद्यापीठांतील संशोधकांनी टँकच्या वर लावलेल्या पडद्यावर माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून या माशांना एका विशिष्ट चेहऱ्यावर चूळ मारायला शिकवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माशांनी तो शिकलेला चेहरा ४४ नव्या चेहऱ्यांमधून मोठ्या अचूकतेने निवडून दाखवला. चेहऱ्यांचा रंग आणि उजळपणा सारखा केल्यानंतरही त्यांची निवड चुकली नाही. आपला ऑस्कर ज्या सिक्लिड कुळातला आहे, त्या कुळाविषयीही सांगण्यासारखे आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात गटाने राहणारा एक छोटा सिक्लिड ओळखीचा आणि अनोळखी मासा यांतला फरक चेहऱ्यावरच्या रंगखुणांवरून करतो, असे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवले. ऑस्करचे नर-मादी जोडी करून राहतात, अंडी आणि पिल्ले दोघे मिळून राखतात; असे जीवन जगणाऱ्या माशाला आपला कोण आणि परका कोण हे कळणे ही चैन नसून गरज असते.

तरीही सासऱ्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी सोडून देणार नाही. मासा आपल्यापुढे येतो तो आपल्याला ओळखून येतो, की दाण्यांच्या डब्याला, आपण येण्याच्या वेळेला, पावलांच्या कंपनाला किंवा साडीच्या रंगाला ओळखून येतो, हे नुसते पाहून सांगता येत नाही. घरच्या घरी त्याची चाचणी घेता येईल. खाण्याची वेळ नसताना, डबा खोलीत नसताना, आपण आणि सासूबाई अशा साधारण सारख्या उंचीच्या दोघींनी एकाच रंगाची ओढणी घेऊन, आळीपाळीने, त्याच जागी, तितकाच वेळ उभे राहावे. कोण आधी जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवावे. मासा किती वेळ पुढच्या काचेशी राहिला हे तिसऱ्या माणसाने घड्याळ लावून लिहावे, आणि त्याने खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, माशाला दिसणार नाही असे बसावे. ही चाचणी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा घ्यावी. दोघींमध्ये स्पष्ट फरक दिसत राहिला, तर सासऱ्यांपुढे ती वही ठेवावी.

माझा हा आग्रह थोडा कडक वाटेल, पण त्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की, घोडा गणित करत नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली तो टिपत होता. काकांनी सांगितलेल्या पद्धतीने शिकवताना हेच ध्यानात ठेवावे. आपण लाल आणि निळा असे दोन मणी ठेवून रंग ओळखायला शिकवत असाल, आणि दर वेळी लाल मणी उजव्या हातात धरत असाल, तर मासा रंग शिकलेला नसून उजवी बाजू शिकलेला असू शकतो.

जिव्हाळ्याविषयी एवढेच म्हणेन की, माणसांच्या जिव्हाळ्याच्या संदर्भात ज्याची चर्चा होते त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा भाऊबंद असलेला आयसोटोसिन हा रेणू माशांच्या मेंदूत असतो आणि माशामाशांमधल्या सामाजिक वागण्यात त्याचा सहभाग असतो. त्यावरून मासा आपल्यावर माया करतो असा निष्कर्ष मी काढणार नाही. मात्र, समोरच्या व्यक्तीमुळे त्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाल्यावर तो स्वतःहून जवळ येतो, हे पाहता येते, मोजता येते, आणि माझ्या दृष्टीने ते लहान नाही.

अश्विनी_इंदूर

काका आणि ताई, आपण दोघांनीही इतके तपशीलवार लिहिलेत, मनापासून आभार. ओढणीची चाचणी आम्ही निश्चित करू. सासरे स्वतः वही धरायला तयार झाले आहेत.

दोन शंका आहेत. फॉन फ्रिश यांच्या माशाला शिट्टी ऐकू आली, मग काका आवाजाऐवजी उजेड वापरायला का सांगतात? आणि कुरवाळण्याविषयी कुणीच लिहिलेले नाही. काका, तुमचा ऑस्कर हात लावू देतो का?

सुदामानगरचे_काका

देतो. हात पाण्यात स्थिर ठेवला की तो स्वतः येऊन बोटांना अंग घासून जातो आणि मी त्याला हलकेच स्पर्श करतो. इतक्या वर्षांत त्याला त्याचा काही त्रास झालेला दिसला नाही.

रामबाग_मत्स्यपालन

काकांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या पद्धतीतला शब्दन् शब्द मला मान्य आहे. फक्त कुरवाळण्याबाबत माझे मत वेगळे आहे. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो जंतू आणि बुरशी यांच्यापासून त्याचे रक्षण करतो, आणि कोरड्या किंवा खरखरीत हाताने तो निघतो. काकांचा हात सवयीचा आहे, तो ओला असतो, स्थिर असतो आणि मासा आपणहून येतो. नवख्या माणसाच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र असतीलच असे नाही, आणि घरात मूल असेल तर ते जे पाहील तेच करील. म्हणून माझे सांगणे असे की, हात पाण्यात स्थिर ठेवावा, मासा घासून गेला तर जाऊ द्यावा, पण त्याच्या मागे बोट नेऊ नये. पाण्याबाहेर काढून हातात धरणे हा तर विषयच संपवावा. पाण्याचा आधार सुटला की माशाच्या अंगाचा सगळा भार एकाच जागी येतो, कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास अडतो. त्या व्हिडिओत मासा शांत दिसतो, ती शांतता विश्वासाची आहे असे मानू नये.

आवाजाच्या शंकेचे उत्तर माशाच्या जातीत आहे. मार्जारमीन, गोल्डफिश, रोहू, कोई या माशांमध्ये पोटातली हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. पिशवी आवाजाने थरथरते आणि ती थरथर साखळीतून कानापर्यंत पोचते, त्यामुळे या माशांची श्रवणशक्ती चांगली असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोई माशांनी दोन प्रकारच्या संगीतातला फरक शिकून दाखवला होता, तो याच जोरावर. ऑस्करमध्ये ही हाडांची साखळी नसते. तो बहिरा नाही, पण त्याच्यासाठी उजेडाची खूण अधिक स्वच्छ पडते. मुलीच्या गोल्डफिशना मात्र आवाजाची खूण शिकवता येईल. एखादी छोटी वस्तू टँकच्या स्टँडवर अगदी हलक्या हाताने ठरावीक प्रकारे टेकवली तरी पुरते. काचेवर टकटक करणे टाळावे, कारण तो आघात पाण्यात फार मोठा होऊन पोचतो.

इथेच आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेखा असते आणि जवळपासच्या पाण्याची मंद हालचाल तिला कळते. ढोल आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांचा धडका जमिनीतून, स्टँडमधून आणि काचेतून पाण्यात उतरतो. त्याला कानही ऐकतो आणि अंगही. मासा त्यापासून पळून जाऊ शकत नाही, कारण पाणी चारही बाजूंनी बंद आहे. म्हणून टँकच्या स्टँडखाली जाड रबराचे तुकडे आणि तळकाचेखाली थर्माकोल किंवा फोमचा थर असावा. भरलेला टँक उचलता येत नाही, तेव्हा हे काम पुढे कधी पाणी पूर्ण काढाल तेव्हा करावे. दिवाळीपुरते एवढे करता येईल की, संध्याकाळपासून टँकचा दिवा बंद ठेवावा, रस्त्याकडची काच जाड चादरीने झाकावी, मासा शिरू शकेल असा आडोसा आत असू द्यावा, आणि त्या दिवसांत शिकवणे पूर्ण थांबवावे. एअर पंप मात्र चालू राहिला पाहिजे. धूर खोलीत येत असेल तर पंप ज्या जागेतली हवा ओढतो तिथली खिडकी बंद ठेवावी.

धक्क्याने शिकलेले पुसले जात नाही. बिचकलेला मासा शिकलेले करून दाखवत नाही, एवढेच होते. तो पुन्हा खाऊ लागला, रंग परत आला, पाठीवरचा पर उभा राहू लागला की कड्यापासून सुरुवात न करता उजेड आणि दाणा या पहिल्या पायरीवर एक-दोन दिवस राहावे.

आता पाण्याविषयी. या धाग्यात ते सर्वांत आधी यायला हवे होते. तो काळपट पडून कोपऱ्यात बसला, याचे कारण फक्त ढोल होते असे मी लगेच मानणार नाही. सणाच्या दिवसांत घरात पाहुणे असतात, कुणीतरी जास्तीचे दाणे टाकते, पाणी बदलायचे राहते, आणि विष्ठा व उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया वाढतो. आपल्याकडे नळाला जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी असते आणि तेही अनेक भागांत एक दिवसाआड येत असल्यामुळे बरेच जण टँकमध्ये बोरिंगचे पाणी घालतात. माळव्याच्या काळ्या खडकातले बोरिंगचे पाणी बहुधा जड असते. जे पाणी घालाल त्याचा पीएच, म्हणजे ते आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, मोजावा, कारण पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो, म्हणजे तेवढ्याच घाणीत मासा अधिक लवकर आजारी पडतो. अमोनिया तपासण्याचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते, ते घरात असावे. दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलावे, नळाच्या पाण्यात क्लोरिन मारणारे औषध घालावे आणि नवे पाणी जुन्या पाण्याच्या तापमानाला आणूनच सोडावे. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर नसेल तर मासा सुस्त होतो आणि लोक समजतात की त्याचा शिकण्यातला रस संपला. मे महिन्यात उलट होते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, मासा पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतो, आणि ते वर येणे बक्षिसासाठी आहे असा समज होतो. कल्ले किती वेगाने हलत आहेत ते पाहण्याची सवय ठेवावी. कल्ले जोरात हलत असतील तर त्या दिवशी काठी पाण्यात घालू नये.

बडोदेकर

मी बडोद्याला फायटर मासे पाळतो. ऑस्करएवढी जागा ज्यांच्या घरात नाही, अशा वाचकांसाठी थोडे लिहितो. काकांची उजेड आणि मण्याची पद्धत फायटरला जशीच्या तशी लागू पडते, फक्त दाणा मोहरीएवढा असावा. फायटरला हवेतून श्वास घेण्याचे वेगळे इंद्रिय असते, त्यामुळे तो दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतच असतो आणि बोटाला सरावतो. परंतु बोटावरच्या दाण्यासाठी पाण्याबाहेर उडी मारायला त्याला शिकवू नये. एकदा उडी मारण्यात फायदा आहे हे कळले की आपण नसतानाही तो उडी मारतो, आणि झाकण नसलेल्या टँकबाहेर सापडतो. आरसा दाखवून त्याला पर आणि कल्ले फुलवायला लावण्याचाही खेळ करतात. आरशातला मासा त्याच्यासाठी कधीही न हरणारा शत्रू असतो, म्हणून तो फारच थोडा वेळ, क्वचितच दाखवावा. मी तो दाखवतच नाही.

गोल्डफिशबाबत अश्विनीताईंना एक सूचना. गोल्डफिशला खरे जठर नसते, त्यामुळे त्याला एकदम भरपूर खायला घालण्यापेक्षा थोडे थोडे, अधिक वेळा देणे बरे. शिकवण्याच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे, कारण दिवसाचे सगळे खाणे बक्षिसांतच देता येते. उकडून साल काढलेल्या मटारचे बारीक तुकडे त्यांना आवडतात. मुलीला शिकवू द्या. मुलांचा हात काही दिवसांत आपल्यापेक्षा शांत होतो, असे मी माझ्या घरी पाहिले आहे.

अश्विनी_इंदूर

सर्वांचे आभार. रामबागच्या सूचनेप्रमाणे पीएच तपासला. बोरिंगच्या पाण्याचा आठच्या वर आणि नळाच्या पाण्याचा थोडा कमी आला, म्हणून आता नळाचेच पाणी साठवून वापरणार आहोत. उजेड आणि दाणा सुरू केले आहे. कुरवाळण्याचा विचार सोडला आहे.

एक शेवटचा प्रश्न. दिवाळीनंतर आठवडाभर आम्ही पुण्याला नणंदेकडे जाणार आहोत. शेजारच्या मावशी दाणे घालायला तयार आहेत. त्यांनीही उजेड दाखवावा का, की त्यामुळे गोंधळ होईल?

सुदामानगरचे_काका

मावशींनी उजेड दाखवू नये. त्यांचा क्रम एखाद्या दिवशी उलटला तर खूण कच्ची होईल, आणि आठवडाभर खूण न दिसल्याने काही बिघडत नाही. मोठ्या, निरोगी ऑस्करला रोज खायला मिळालेच पाहिजे असेही नाही. एक दिवसाआड थोडे घातले तरी तो आनंदात राहील. परक्या हाताने जास्त खाणे पडण्याचा धोका उपाशी राहण्यापेक्षा मोठा आहे. म्हणून प्रत्येक वेळेचे दाणे आधीच मोजून कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधावेत, पुड्यांवर वार लिहावेत आणि दाण्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावावे. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलू नये, दोन-तीन दिवस आधी बदलावे, म्हणजे काही बिघाड झालाच तर तुम्ही घरी असताना दिसेल. हीटर आणि फिल्टरची पिन वेगवेगळ्या प्लगमध्ये असावी. वीज जाऊन आल्यावर फिल्टर पुन्हा सुरू झाला की नाही, एवढे मावशींना हात लावून पाहायला सांगावे.

परत आल्यावर पहिल्या दिवशी नुसत्या समोर बसा. दुसऱ्या दिवशी टॉर्च काढा.